कुडीचा चटका

भूपालअण्णा उपाध्ये दारातून "सहज आलो ओ आक्का" म्हणाले आणि हेमलताबाईंच्या डाव्या कानाला चटका बसला.

भाजण्याइतका नव्हे, तापल्या तव्याजवळून बोट गेल्यासारखा. हेमलताबाईंनी कानाला हात लावला, अण्णांकडे पाहिलं आणि नेहमीसारखं "या, बसा" म्हटलं. पण ते नेहमीसारखं निघालं नाही, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

अण्णा काही परके नव्हते. सांगलीच्या वसंतबन कॉलनीत चौगुल्यांचं आणि उपाध्यांचं घर समोरासमोर होतं. अण्णांची सगळी नोकरी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. हेमलताबाईंचे यजमान विलासराव गेले तेव्हा सगळी धावपळ अण्णांनीच केली, आणि तेव्हापासून या घराची दुसरी किल्ली अण्णांच्या खुंटीवर होती. बोलक्या कुलपांचा जमाना येऊन गेला होता. ती कुलपं घरमालकापेक्षा चोरांशीच जास्त बोलू लागली, तेव्हा लोकांनी पुन्हा लोखंडी कुलपं लावली आणि किल्ल्या पुन्हा शेजाऱ्यांकडे गेल्या.

आणि आता कानातली कुडी म्हणत होती, हा माणूस खोटं बोलतोय.

कुडी केतकीनं पाठवली होती. केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, हुबळीला नोकरीला. "आई, जन्मभर मुलींना स्वसंरक्षण शिकवलंस. आता जरा स्वतःचं बघ," असं म्हणाली होती. हेमलताबाई कन्याशाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. पोटात कालवाकालव झाली की कारण शोधत बसू नका, आधी तिथून निघा, असं त्या मुलींना बजावायच्या. स्वतःच्या पोटावर त्यांचा विश्वास होता. पण मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त प्राचार्यांचं घर त्यांच्याच संमतीनं विकलं गेलं आणि तो विश्वास डळमळला.

झालं होतं असं. म्हाताऱ्या माणसांना कचेरीत खेटे नकोत म्हणून घरविक्रीची संमती घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर बोलून देण्याची सोय निघाली होती. कुणी धाकदपटशानं संमती वदवून घेऊ नये याचीही तजवीज होती. बोलणाऱ्याचे ठोके आणि श्वास यंत्र तपासे, आणि तो घाबरलेला असेल तर संमती सरळ नाकारे. परिणाम एवढाच झाला की चोरांनी सुरे टाकून दिले आणि गोड बोलायला सुरुवात केली. प्राचार्य हसत हसत चार ओळी वाचून मोकळे झाले. घर तीन हातांतून फिरलं आणि प्राचार्य आता मुलीच्या सासरी एका खोलीत राहत होते.

कुडीचं शास्त्र तसं सोपं होतं. हृदयाच्या दर ठोक्याला माणसाच्या मानेवरची कातडी केसभर हलते. डोळ्याला ते दिसत नाही. पण कुडीतून निघालेल्या बारीक रेडिओलहरी त्या कातडीवर आपटून परतल्या की त्यांच्यात ती हालचाल उतरलेली असते. त्यावरून ठोके कळतात, श्वास कळतो. शिवाय मनावर ताण आला की आवाजाला एक सूक्ष्म कंप सुटतो, तोही कुडी ऐकते. नवा माणूस समोर आला की पहिली काही मिनिटं ती गप्प राहून त्याचं नेहमीचं शरीर शिकून घेते आणि ते कधी विसरत नाही. पुढे बोलताना ते शरीर त्या नेहमीच्यापासून ढळलं की चटका. चोराच्या मनात चांदणं ही म्हण कुडी बनवणाऱ्यांनी शास्त्र म्हणून वापरली होती, म्हणा ना.

पहिले काही दिवस हेमलताबाईंना गंमतच वाटली. जाऊबाई फोनवर नव्हे तर समोर बसून "वजन केवढं कमी झालंय तुमचं" म्हणाल्या, चटका. कोपऱ्यावरच्या पाटीलवहिनींनी "मुगाचे लाडू छान झालेत, पण एकच पुरे, आत्ताच जेवलेय" म्हटलं, एकाच वाक्यात दोन चटके. आपल्याकडे माणूस दारात आला की निम्मं बोलणं खोटंच असतं. भूक असली तरी पोट भरलेलं असतं, आणि कामासाठी आलेला कधीच कामासाठी आलेला नसतो. हे खोटं म्हणजे खरं तर अदब. पण कुडीला अदब कोण शिकवणार? ती बनवणाऱ्यांना वाटलं, जो खोटं बोलतो त्याच्या मनात काळंबेरं असतं.

गंमत फार दिवस टिकली नाही. अण्णा रोज येत, रोज "सहज आलो" म्हणत आणि कान रोज तापे. मग हेमलताबाई त्यांच्यावर नजर ठेवू लागल्या. पाणी मागायच्या निमित्तानं अण्णा स्वयंपाकघरापर्यंत जातात. तिथे मागच्या दाराच्या कडीकडे बघतात. एकदा तर त्यांनी कडी हलवून पाहिली. "काय बघताय अण्णा?" विचारलं तर "काही नाही ओ, गंजलीय की काय म्हटलं." कान पुन्हा तापला.

कॉलनीत आणखी घरांत कुड्या आल्या. पुरुषांसाठी तेच यंत्र शर्टाच्या बटणात मिळे. अण्णांनी मात्र ते घेतलं नाही. "मला काय करायचंय? कोण खोटं बोलतंय ते मला तोंडाकडं बघून कळतंय," ते म्हणाले, आणि ज्याला यंत्र नको त्याला काहीतरी लपवायचं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. लोक एकमेकांसमोर जपून बोलू लागले. जपून बोलताना ठोके वाढत आणि ठोके वाढले की समोरच्याला चटका बसे. संध्याकाळचा कट्टा ओस पडला. हेमलताबाई खिडकीत उभ्या राहून रस्त्यावरचा एकेक माणूस न्याहाळत. त्यांना वाटे, आपण सावध झालोय.

अशात सुहास कित्तूरकर आला.

चाळिशीचा, नीटनेटका, गळ्यात कुडीच्या कंपनीचं ओळखपत्र. दाराबाहेर तपकिरी बूट काढून, मोजे आत सारून तो पायपुसण्यावर उभा राहिला. "मॅडम, कुडीची तपासणी करायचीय. फार वेळ घेणार नाही." हेमलताबाईंनी त्याला बसवलं आणि कान टवकारले. कुडी थंड. तो कंपनीविषयी बोलला, कुडी थंड. चहा विचारला तर "हो, चालेल की. साखर कमी," म्हणाला आणि तेव्हाही कुडी थंडच. कितीतरी दिवसांत समोरचा माणूस असा लख्ख खरा बोललेला त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना अक्षरशः हायसं वाटलं. दुसऱ्या चौकशाही नाहीत, आपण भला की आपलं काम भलं.

निघताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, घराची किल्ली बाहेर कुणाकडं ठेवत असाल तर परत घ्या. घरातल्या चोऱ्या बहुतेक ओळखीचीच माणसं करतात. सगळीकडं हाच अनुभव." याही वाक्याला चटका बसला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. हेमलताबाई दारातच उभ्या राहिल्या.

"अण्णा, एक विचारते. रोज कशाला येता तुम्ही?"

अण्णा गोंधळले. "कशाला म्हणजे? सहज ओ."

चटका. हेमलताबाईंनी कानाला हात लावला, आणि या वेळी तो मुद्दाम अण्णांना दिसेल असा लावला.

"सहज नाही येत तुम्ही. मला कळतंय ते."

"ह्या कुडीला कळतंय, का तुम्हाला?"

"दोघींनाही. मागच्या दाराशी काय असतं तुमचं? किल्ली परत द्या, अण्णा."

अण्णांचा चेहरा उतरला. वळून घरी गेले, खुंटीवरची किल्ली घेऊन आले आणि हातात न देता त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली. हेमलताबाईंना वाईट वाटलं. पण आपण बरोबर केलं असंही वाटलं, आणि दुसरं वाटणं पहिल्यावर चढून बसलं.

नंतर अण्णा आले नाहीत. समोरच्या व्हरांड्यात पेपर उघडून बसलेले दिसत. हेमलताबाई पडदा ओढून घेत.

भर एप्रिलातल्या दुपारी, सगळी कॉलनी कूलर लावून झोपलेली असताना, कित्तूरकर पुन्हा आला. बूट काढले, बसला, चहाला हो म्हणाला. कुडी थंड. त्यानं टेबलावर स्टँड मांडून त्यात एक टॅब्लेट उभा केला.

"मॅडम, त्या प्राचार्यांचं ऐकलं असेलच. तसं तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून कंपनीनं सोय केलीय. एकदा हे वाचून नोंदवलं की पुढं तुमच्या घराबद्दल कुणालाच तुमच्या नावानं संमती देता येणार नाही. कुलूपच म्हणा."

हेमलताबाईंनी चष्मा लावला. मजकूर कचेरीच्या भाषेतला, लांबलचक होता. 'मी, हेमलता विलास चौगुले, वर नमूद केलेल्या मिळकतीबाबत' इथपर्यंत त्यांनी मनात वाचलं.

"निवांत वाचा," कित्तूरकर म्हणाला. "ते समोरचे अण्णा येत नाहीत ना आता मधेच?"

कुडी थंड. असणारच. हा प्रश्न होता, आणि प्रश्न कधी खोटा नसतो.

पण हेमलताबाईंच्या पोटात कालवाकालव झाली. समोरच्यांना आपण अण्णा म्हणतो हे याला कुणी सांगितलं? ते येत होते आणि आता येत नाहीत, हे याला कसं माहीत? आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. सांगलीत नवा माणूस घरात आला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याला तुमचं माहेर, सासर, मुलंबाळं, कुठले चौगुले तुम्ही, हे सगळं हवं असतं. यानं एकही चौकशी केली नव्हती. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. आणि कुडी थंड होती कारण हा माणूस दारात पहिलं पाऊल टाकल्यापासून खोटाच होता. कुडीनं त्याचं खोटंच त्याचं नेहमीचं म्हणून शिकून घेतलं होतं.

"दूध ठेवलंय गॅसवर, बघून येते," त्या उठल्या.

"गॅस बंद आहे, मॅडम. मी पाहिलं." तो उठला आणि त्यानं पुढच्या दाराची आतली कडी घातली. आवाजात तोच गोडवा होता.

'वाचवा' ओरडू नका, असं त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना सांगितलं होतं. वाचवा म्हटलं की दुसरं कुणीतरी जाईल असं प्रत्येकाला वाटतं. नाव घेऊन हाक मारा, म्हणजे तो माणूस येतो. हेमलताबाई खिडकीकडे वळल्या आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणाऱ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "अण्णाऽऽ!"

ज्याला उंबऱ्यावर किल्ली ठेवायला लावली त्यालाच हाक मारावी लागली होती. तो येईल का, हे त्यांना माहीत नव्हतं.

कित्तूरकरनं आरडाओरडा केला नाही. त्यांच्या कानाशी येऊन तो म्हणाला, "केतकी जेवायला ऑफिसबाहेर पडली असेल आता. हुबळीत आमची माणसं आहेत. अण्णांना परत पाठवा."

हे खरं की खोटं? कुडी काहीच सांगत नव्हती.

दारावर थाप पडली. "आक्का! काय झालं ओ?"

हेमलताबाईंनी दाराकडे तोंड केलं. "काही नाही, अण्णा. डोळा लागला होता, स्वप्न पडलं. एकटीच आहे. झोपते."

बाहेरून, "बरं बरं. झोपा." आणि पायऱ्या उतरल्याचा आवाज.

हेमलताबाईंना रडू यायचंच बाकी राहिलं. गेले. आणि का थांबावं त्यांनी?

"बसा," कित्तूरकर म्हणाला. टॅब्लेटवर तांबडी अक्षरं उमटली होती: वक्ता अस्वस्थ आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. "घाई नाही, मॅडम. दीर्घ श्वास घ्या. तुमचं हृदय खेळाडूचं आहे, लवकर खाली येतं. मी पहिल्या दिवशीच मोजलंय."

तो खरं बोलत होता. पळून दमलेल्या मुलींना खाली बसवून श्वास सोडायला लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. ती सवय अंगात इतकी मुरलेली की आताही श्वास आपोआप लांबत चालला होता. तांबडी अक्षरं फिकट होऊ लागली. घाबरू नका, असं त्यांनी किती मुलींना सांगितलं असेल. आज भीती हीच काय ती त्यांच्या घराची राखण करत होती आणि ती अंगातून ओसरत होती.

हेमलताबाईंनी साडीच्या आड पावलं फरशीवर दाबून धरली आणि मांड्या, पोटऱ्या, पोट सारं ताकदीनिशी आवळलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. छातीत ठोके चढले. दम लागला की क्षणभर सोडायचं, पुन्हा आवळायचं. अक्षरं पुन्हा लालभडक झाली.

"मॅडम, शांत व्हा."

"होतेय की," त्या म्हणाल्या. "वय झालं. वेळ लागतो."

कपाळावर घाम आला, मांड्यांना कापरं भरलं. आता धरवत नाही असं वाटलं, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. स्टँडवर पन्नास गाड्यांच्या गोंगाटावर चढणारा तो आवाज होता.

"लक्ष द्या! जमादार सर! पाटीलवहिनी! मगदूम! कुंभोजकर डॉक्टर! काठ्या घेऊन चौगुल्यांच्या दारात या! लगेच! झोपू नका, उठा!"

कॉलनीची दारं धडाधड उघडली. कित्तूरकरनं टॅब्लेट बगलेत मारला, मागच्या दाराची कडी सरकवली आणि मोज्यांवरच बाहेर उडी घेतली. मोजे नायलॉनचे होते आणि मागचा रस्ता नुकताच डांबरी केलेला. दुपारच्या उन्हात ते डांबर पातळ झालं होतं. कोपऱ्यापर्यंत तो धावला, तिथून पुढे नुसत्या उड्या मारू लागला, आणि जमादार सरांनी काठी आडवी घालताच तो बसलाच, मुकाट्यानं. चोर पकडला गेल्यावर कॉलनी इतकी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अण्णा पुढच्या दारात उभे होते, त्याचे बूट हातात धरून.

"एकटीच आहे म्हणालात," ते म्हणाले, "आणि उंबऱ्यापाशी हे नऊ नंबरचे बूट. आता आक्का असले बूट कधीपासून घालायला लागल्या?"

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. हेमलताबाईंनी पहिला फोन केतकीला लावला. ती सुखरूप होती, हुबळीतली माणसं म्हणजे थाप होती. संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली, जात राहिली. शेवटी घरात अण्णाच उरले.

"खरं सांगा, अण्णा. रोज कशाला येत होता?"

अण्णांनी खाली बघितलं. "विलासराव गेल्यानंतर लगेचच मागच्या गल्लीत एक माणूस दोन-तीनदा दिसला. घरांचे फोटो काढत होता. खात्री नव्हती. तुम्हाला तेव्हा रात्र रात्र झोप नव्हती, त्यात आणि हे कशाला सांगायचं? म्हटलं आपणच येता-जाता कडी बघावी."

"मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं. चुकलंच ते."

कुडी थंड होती. हेमलताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी देवघराच्या खणातली किल्ली आणली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "घ्या, अण्णा. माझं चुकलं. लाज वाटते मला."

अण्णांनी हात पुढे केला नाही.

"असू दे तुमच्याकडंच."

"रागावलात ना माझ्यावर?"

"छे ओ, आक्का. राग कसला?"

कान असा तापला, जसा आजवर कधी तापला नव्हता. हेमलताबाई कानाला हात लावणार होत्या, पण लावला नाही. अण्णांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना यंत्राची गरज कधीच नव्हती.

"तापली नव्हं?" ते म्हणाले. "मग खरं तेच ऐका. राग आहे. चोरानं तुम्हाला फसवलं, त्याचं काही नाही, तो त्याचा धंदा. पण त्या दिवशी तुम्ही मला दारात उभं करून कानाला हात लावलात. दोनच वर्षांपूर्वी त्याच दारातून विलासरावांना बाहेर काढलं आम्ही. ते काही मनातनं जाईना."

"जाईल का कधी?"

"काय माहीत. हाक मारलीत तर येणार. रात्री-अपरात्री मारा, येणार. पण किल्ली नको, आक्का."

यातल्या कुठल्याच शब्दाला कुडी तापली नाही. अण्णांनी चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि आपल्या व्हरांड्यात जाऊन ते पेपर न उघडताच बसून राहिले. हेमलताबाई किल्ली हातात घेऊन दारात उभ्या होत्या. खूप वेळानं त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.